कार्यानुभवाच्या तासाची वंशावळ

महाराष्ट्रात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शाळेत गेलेल्या बहुतेकांना 'कार्यानुभव' हा तास आठवतो. कुणी त्या तासाला क्रेप कागदाची फुले केली, कुणी आइसक्रीमच्या काड्यांचे घर बांधले, कुणी साच्यात खडू पाडले, कुणी फिनेल ढवळले. वस्तू तपासून झाली की ती शाळेच्या कपाटात जायची, नाहीतर घरच्या माळ्यावर. परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी हाच तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जायचा, आणि पालकांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आठवी ते दहावीच्या मुलांना पुस्तकाबाहेरचे, आयुष्यात उपयोगी पडणारे काहीतरी शिकवले पाहिजे, असे आता पुन्हा सगळीकडून ऐकू येते. नव्या धोरणात ते आहे, नव्या पाठ्यपुस्तकांत आहे, मंत्र्यांच्या भाषणांत आहे. म्हणून हा तास मुळात कुठून आला आणि वाटेत त्याचे काय झाले, हे नीट पाहून घ्यायला हवे. त्याचे पूर्वज मोठे आहेत. महात्मा फुले, पंडिता रमाबाई, कर्मवीर भाऊराव पाटील, गांधीजी, झाकिर हुसेन, जे. पी. नाईक आणि मुंबईतली मोठी नोकरी सोडून पाबळला जाऊन राहिलेले एक शास्त्रज्ञ, अशी ही वंशावळ आहे. ही माणसे राजकारणात, धर्मविचारात, समाजाकडे पाहण्यात एकमेकांपासून पुष्कळ दूर होती. दोन गोष्टी मात्र प्रत्येकाच्या कामात दिसतात. विद्यार्थ्याने हाताने काम करावे ही पहिली, आणि ते काम कुणाच्या तरी खऱ्या गरजेचे असावे ही दुसरी. पहिली गोष्ट आपण वेळापत्रकात जपून ठेवली. दुसरी हातातून सुटली. तास मोडकळीला आला तो तिथे.

या वंशावळीची सुरुवात पुण्यात, १८८२ साली करता येते. त्या वर्षी १९ ऑक्टोबरला जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. त्यात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आहे. शाळा काढणारा हा माणूस बांधकामांची कंत्राटेही घेत होता, शेतीही करत होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, सरकार वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा ओतते आणि रयतेच्या मुलांना वाऱ्यावर सोडते, ही या निवेदनातली मागणी आणि तक्रार सर्वांना ठाऊक आहे. अभ्यासक्रमाबद्दल त्यांनी जे लिहिले ते कमी वाचले जाते. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे ते म्हणतात. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण शिक्षण व्यवहाराला धरून हवे. शेतीच्या धड्यांना जोडून एक लहानसे नमुना शेत असावे आणि तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवावे, असेही त्यांनी सुचवले. सरकारी महाविद्यालयांतले शिक्षण विद्यार्थ्याला रोजच्या जगण्यासाठी तयार करत नाही, ही त्यांची खंत होती. शिक्षकांबद्दलही त्यांचे मत स्पष्ट होते. शेतकरी समाजातले शिक्षक हवेत, गरज पडली तर नांगराच्या मुठीला किंवा सुताराच्या वाकसाला हात घालायला ज्यांना संकोच वाटणार नाही, असे. सबंध वंशावळीचे बीज या मागणीत आहे. ज्याच्या हाताला काम ठाऊक आहे तोच ते शिकवू शकतो, हे फुल्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते.

मुलींच्या बाजूने हीच गोष्ट पंडिता रमाबाईंनी करून दाखवली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनंतर केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे आलेल्या शेकडो मुली-बायकांना आधार देणारे घर नव्हते, पोसणारे कुणी नव्हते. त्यांना अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवणकाम, तेल गाळणे, दूधदुभते यांची कामे शिकवली गेली, कारण संस्थेला रोज धान्य, कापड, तेल आणि दूध लागत होते. तिथे छापखाना होता आणि तो स्त्रिया चालवत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. ज्या काळात मुलीने पाटी हातात धरणे हाच वादाचा विषय होता, त्या काळात केडगावच्या मुली खिळे जुळवत होत्या. काही वर्षांनी स्वदेशी चळवळीतून विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय आले. राष्ट्रीय शिक्षणात उद्योगाला स्थान देणारी ही तळेगावची शाळा सरकारने बंद पाडली, पण त्याच तळेगावात लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी उभारलेल्या पैसा फंड काच कारखान्यात तरुण मुले काचेचे काम शिकत राहिली.

या परंपरेला माध्यमिक शाळेत सर्वात भक्कम घर मिळाले ते सातारा जिल्ह्यात. किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. ते मोफत होते, निवासी होते, आणि तिथला मुलगा आपला खर्च आपल्या श्रमातून भागवत होता.

'कमवा आणि शिका' हे शब्द आज विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत सहज दिसतात. भाऊरावांच्या शाळेत त्यांचा अर्थ अगदी रोखठोक होता. मुले पडीक जमीन साफ करत, विहीर खणायला हात लावत, दगड फोडत, इमारतीच्या भिंती उभ्या राहताना गवंड्याच्या हाताखाली असत. पिकवलेले धान्य त्यांच्याच ताटात येई. संस्थेच्या ब्रीदात स्वावलंबी शिक्षण आहे आणि बोधचिन्हात वडाचे झाड. यामागे भाऊरावांची एक ठाम समजूत होती. गरीब घरातल्या मुलाला फुकट जेवू घातले तर तो मान खाली घालून शिकतो, आणि कष्टाने मिळवून शिकला तर ताठ मानेने. जे मूल पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबत आले, त्याने आपल्या शिक्षणासाठी राबणे ही वेगळीच गोष्ट होती. इथेही शिक्षक स्वतः कुदळ घेऊन पुढे असे. ज्यांनी भाऊरावांना पाहिले, त्यांच्या आठवणींत ते नेहमी मुलांच्या गराड्यात, कामाच्या जागी उभे दिसतात.

गांधीजींची वाट दक्षिण आफ्रिकेतून आली. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभे राहिले तेव्हा सत्याग्रहींची मुले तिथेच राहत होती आणि शिकवायला पगारी शिक्षक नव्हते. हरमान कॅलनबाख एका ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला बनवायला शिकून आले, त्यांच्याकडून गांधी शिकले आणि मग मुलांना शिकवू लागले. सुतारकाम, बागकाम, स्वयंपाक, झाडलोट, सगळ्यांत मुले असत. तिथला एक नियम गांधींनी आत्मकथेत नोंदवून ठेवला आहे. जे काम शिक्षक करत नाहीत ते मुलांना करायला सांगायचे नाही, आणि मुले काम करत असताना त्यांच्या बरोबर एक शिक्षक तेच काम करत असला पाहिजे.

हा अनुभव गांधींच्या गाठीशी असताना २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. नुकतीच प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती, शाळा काढायला पैसा नव्हता, आणि गांधींनी मांडले की सात वर्षांचे मोफत शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफून द्यावे. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, अशीही त्यांची अपेक्षा होती. परिषदेत प्राध्यापक के. टी. शहा यांनी यावर स्पष्ट आक्षेप घेतला. मुलांच्या वस्तू बाजारात आल्या तर कारागिराच्या पोटावर पाय येईल आणि मूल लहान वयातच कमाईला जुंपले जाईल, ही त्यांची भीती होती. पुढे अभ्यासक्रम आखायला झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा आणि आर्यनायकम दांपत्य यांच्याबरोबर आक्षेप घेणारे शहाही होते.

समितीचे वेळापत्रक आज वाचले तरी थबकायला होते. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे मध्यवर्ती हस्तोद्योगाला, होती. मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणिताला मिळून ४०, सामाजिक अभ्यास आणि विज्ञानाला ३०. पण या वेळाची वाटणी वाचून फसायला होते. मूलोद्योगाच्या तीन तासांत बाकीचे विषय यायचेच होते. 'नई तालीम' म्हणून ओळखल्या गेलेल्या या पद्धतीत शिक्षकाला 'समवाय', म्हणजे उद्योग आणि विषय यांची सांगड, साधायचा होता. कापूस वेचून सरकी काढायची, पिंजून पेळू करायचे, टकळीवर सूत काढून लडी करायच्या. आणि हे करताना सुताचा अंक काढायला गणित, कापूस कुठल्या मातीत आणि हवेत येतो हे सांगायला भूगोल, गावचा विणकर का बुडाला हे समजायला इतिहास. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी हे वर्षानुवर्षे करून दाखवले. हेही ध्यानात घ्यायला हवे की समितीच्या अहवालातच धोक्याची सूचना होती. उत्पादनाच्या मागे लागून शिक्षक मुलांकडून नुसते काम काढून घेतील आणि शिक्षणाचा हेतू बाजूला पडेल, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतर या पद्धतीच्या शाळांवर गावोगाव 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशा पाट्या लागल्या. त्यातल्या काही अजून जिल्हा परिषदेच्या शाळांवर वाचायला मिळतात. पाटी राहिली, टकळी गेली. याची कारणे सांगताना पैसा आणि साहित्य यांची टंचाई नेहमी सांगितली जाते, आणि ती खरी आहे. समवाय साधायला जो शिक्षक लागतो, तो काही महिन्यांच्या प्रशिक्षणातून तयार होत नाही. पण सर्वात खोल कारण पालकांच्या मनात होते. शहरातल्या शाळांत इंग्रजी, विज्ञान आणि गणित चालू होते आणि खेड्यातल्या शाळेत सूत. ज्यांच्या बापजाद्यांनी जन्मभर हातानेच काम केले होते, त्यांना आपले पोर त्यातून बाहेर पडावे म्हणून शाळा हवी होती. आपल्याला दुय्यम शिक्षण देऊन आहे तिथेच ठेवत आहेत, हा त्यांचा संशय आंधळा नव्हता.

तो किती खरा ठरू शकतो, हे मद्रास राज्याने दाखवले. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळा अर्धवेळ केली. उरलेल्या अर्ध्या दिवसात मुलाने घरी आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. कुंभाराच्या मुलाने मडकी, न्हाव्याच्या मुलाने वस्तरा, असाच तिचा अर्थ निघत होता. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिच्याविरुद्ध रान उठवले, काँग्रेसमधूनही विरोध झाला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांनी योजना मागे घेतली. मुलांना व्यावहारिक कौशल्ये शिकवण्याच्या प्रत्येक चर्चेत ही घटना समोर ठेवली पाहिजे. जातीने जे काम डोक्यावर लादले तेच शाळेने पुन्हा लादले, तर ते शिक्षण राहत नाही. सुताराच्या मुलीने विजेची जोडणी शिकावी, ब्राह्मणाच्या मुलाने गोठा साफ करावा, प्राध्यापकाच्या मुलाने कातडे शिवावे, आणि तिघांनी मिळून भूमितीही शिकावी, तरच हे शिक्षण सर्वांचे होते.

याच सुमारास सुरू झालेली वीस-पंचवीस वर्षे आयोगांची आहेत. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचवल्या. तांत्रिक विभाग असलेल्या शाळांत आठवीपासूनची मुले भाता, ऐरण, लेथ आणि रंधा यांच्याजवळ जाऊ लागली. या शाळा चांगल्या होत्या, पण थोड्या होत्या, आणि बहुतांश शहरांत होत्या. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या सगळ्या शिक्षणाचा विचार केला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग त्यांनी केले होते. या आयोगाने मूलोद्योगाच्या जागी कार्यानुभव आणला. घरी, शेतात, कार्यशाळेत, कारखान्यात किंवा शाळेत, कुठेही उत्पादक कामात विद्यार्थ्याने भाग घ्यावा, असा त्याचा अर्थ होता. तो विशिष्ट वर्गासाठी किंवा खेड्यासाठी नव्हता; देशातल्या प्रत्येक मुलासाठी होता. मद्रासच्या प्रकरणानंतर ही दुरुस्ती मोलाची होती. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्यात 'समाजोपयोगी' हा आग्रह जोडला आणि समाजोपयोगी उत्पादक कार्य शाळांत आले.

कागदावर हा प्रवास पुढे जात राहिला. शाळेत मात्र काम आक्रसत गेले. आठवड्याचे दोन सुटे तास मिळाले तर त्यात शेत नांगरता येत नाही, बाक दुरुस्त करता येत नाही, रोपवाटिका सांभाळता येत नाही. पाऊण तासात जे उरकते आणि पन्नास मुलांना एकदम करता येते, तेच उरले. मूल्यमापन करायचे म्हणून प्रत्येकाकडून एक वस्तू हवी, आणि ती तपासणाऱ्याला एका नजरेत दिसायला हवी. खर्च मुलांच्या खिशातून, म्हणून ती स्वस्त हवी. शाळेच्या चौकटीने घातलेल्या या अटींत कागदाचे फूल चपखल बसले. ज्या शिक्षकांनी ते शिकवले त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती हत्यारे नव्हती, साहित्याला निधी नव्हता, आणि अनेकांना हा विषय त्यांच्या मूळ विषयाच्या तासांत भर म्हणून मिळाला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांत शंभराहून अधिक पट असेल तिथे कार्यशिक्षणासाठी निदेशक द्यायला सांगितले, पण अंशकालीन. कामाला शाळेत किती मान आहे, ते त्या एका शब्दात लिहिलेले आहे.

आणि तरीही याच काळात या वंशावळीची सर्वात जिवंत फांदी पुणे जिल्ह्यात फुटली. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांचा जन्म १९२८ चा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत काम, मग मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पद. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ते सोडले आणि १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कमी पावसाच्या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. ज्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून तो उभा राहिला, ती १९४८ मध्ये जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली. आयोगाच्या अहवालात लिहिलेला कार्यानुभव त्या अहवालाच्या सदस्य-सचिवाच्या संस्थेतच प्रत्यक्ष उभा राहिला, हा या मागोव्यातला फार समाधानाचा दुवा आहे.

कलबागांचा प्रश्न शास्त्रज्ञाचा होता. लहान मूल जगाला हात लावून, करून, मोडून शिकते. शाळेत आल्यावर ही स्वाभाविक रीत बंद का होते? शाळेतून गळालेली, नापास झालेली मुले त्यांनी आश्रमात घेतली आणि वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन शिकवत त्यामागचे विज्ञान त्यांच्यापुढे उलगडले. एकच कौशल्य शिकून शहरात मजुरीला जाण्यापेक्षा गावात लागणारी अनेक कौशल्ये थोडी-थोडी यावीत, ही त्यांची धारणा होती. आश्रमातल्या मुलांनी घुमटाकार घरे बांधली, भूगर्भातल्या पाण्याचा शोध घेणारी उपकरणे शेतात नेऊन वापरली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने जगातली एक अगदी पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची कार्यशाळा, इथे पाबळला आली, कारण इथली मुले आधीपासूनच गरजेपोटी यंत्रे बनवत होती.

माध्यमिक शाळांसाठी आश्रमाने जो अभ्यासक्रम घडवला त्याचे नाव 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. शाळांतून तो आयबीटी म्हणूनच ओळखला जातो. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला आठवी ते दहावीसाठी पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. त्याची रचना बारकाईने पाहावी अशी आहे. सुट्या तासांऐवजी आठवड्यातला एक सलग दिवस. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. प्रत्येक विद्यार्थी चारही विभागांतून जातो, त्यामुळे मुलगी वेल्डिंगचा मुखवटा चढवते आणि मुलगा चिक्की करतो, रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला शिकतो. शिकवायला गावातला किंवा जवळपासचा कुशल माणूस निदेशक म्हणून येतो. लोहार, वायरमन, शिवणकाम करणारी बाई शाळेच्या आत शिकवणाऱ्याच्या जागी उभी राहते. पदवी नसलेल्या माणसाला विद्यार्थी गुरू म्हणून पाहतात, हे जातीने ठरवलेल्या मानपानाला दिलेले फार मोठे उत्तर आहे.

आणि सर्वात महत्त्वाचे, मुले गावाला सेवा देतात. शाळेचे मोडके बाक दुरुस्त करणे, कुणाच्या शेताला फाटक करून देणे, घरातली वीजजोडणी तपासणे, मातीपरीक्षण, कलमे करणे, अशी कामे पैसे घेऊन केली जातात. त्याआधी प्रत्येक मूल वहीत आकृती काढते, साहित्य मोजते, कॉस्टिंग मांडते. लोखंडी पट्टी किती लागेल, वाया किती जाईल, मजुरी किती धरायची? हा हिशेब चुकला तर लाल शाईचा शेरा मिळत नाही; लोखंड कमी पडते आणि दुकानात पुन्हा जावे लागते. फाटक नीट बसले नाही तर शेतकरी बोलावून दाखवतो. पायथागोरसचा सिद्धांत कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायला वापरला की तो दहावीनंतरही लक्षात राहतो. पुढे लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थांनी ही रीत महाराष्ट्राबाहेरच्या शाळांपर्यंतही नेली.

फुल्यांचे नमुना शेत, केडगावचा छापखाना, साताऱ्याचे बोर्डिंग, सेवाग्रामची टकळी आणि पाबळचे वेल्डिंग यंत्र एका रांगेत ठेवून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रत्येक ठिकाणी कामाची वाट पाहणारा कुणीतरी वर्गाबाहेर होता. केडगावला तेल हवे होते, साताऱ्याला धान्य, पाबळच्या शेतकऱ्याला फाटक. ही गरज होती तोपर्यंत काम नीट करावे लागे, आणि नीट करण्यासाठी शिकावे लागे. परीक्षकाखेरीज कुणालाच वस्तू नको असेल, तिथे शिकण्याची ओढ आपोआप ओसरते. सेवाग्रामची रीत राज्यभर पसरल्यावर फिकी पडली, तिचेही एक कारण हेच. खादीला खेड्यातल्या घरातच मागणी उरली नव्हती, तरी वर्गात सूत कातले जात राहिले.

म्हणून या कामात शिक्षकाची जागा कशानेही भरून निघत नाही. गावाला किंवा वस्तीला काय हवे आहे, हे अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीला पुण्यात किंवा दिल्लीत बसून कळत नाही. पाणीपुरवठ्याची टाकी कुठे गळते, अंगणवाडीला कसले रॅक हवे, बचतगटाचा हिशेब कुणाला मांडता येत नाही, शाळेचे वीजबिल का वाढले, हे तिथे रोज जाणाऱ्या शिक्षकाला दिसते. गळणारी टाकी दाखवून मुलांना आकारमान, दाब आणि पैशांचा हिशेब शिकवणारा शिक्षक दोन्ही बाजूंनी काम करतो. तो अभ्यासक्रमही पूर्ण करतो आणि मुलाला आपल्या गावाच्या उपयोगी पडण्याचा अनुभवही देतो. त्याने प्रत्येक कौशल्यात पारंगत असण्याची गरज नाही. जे येत नाही ते शिकायला मुलांबरोबर गवंड्याच्या शेजारी बसण्याची तयारी पुरते. टॉलस्टॉय फार्मवर चपला बनवायला शिकणारा शिक्षकही आधी विद्यार्थीच होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ मुलांनी काही दिवस शिकावे, अशी त्यात कल्पना आहे. एनसीईआरटीने 'कौशल बोध' नावाची पाठ्यपुस्तके आणली. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत निधी मिळतो. हे सारे स्वागतार्ह आहे. पण आपल्या वंशावळीत याआधीही चांगले शब्द आणि चांगले हेतू पुष्कळ आले आणि वेळापत्रकात अडकून मेले. थ्रीडी प्रिंटरवर प्रदर्शनासाठी काढलेली वस्तू आणि क्रेप कागदाचे फूल यांत कामाच्या दृष्टीने काही अंतर नाही, जर दोन्ही कुणालाच नको असतील. दहा दिवस सहलीसारखे गेले आणि कुंभाराने मुलांना चाक फिरवून दाखवले एवढ्यावर ते संपले, तर वर्गात परतल्यावर त्यांतले काही उरणार नाही.

हे टाळायचे तर शाळांना चार गोष्टी हव्यात. आठवड्याचा एक सलग दिवस, जो परीक्षेच्या काळातही हलणार नाही. हत्यारे आणि साहित्यासाठी दरवर्षीचा निधी, जो मुलांच्या पालकांकडून मागितला जाणार नाही. गावातल्या कारागिराला वर्गात बोलावण्याचा अधिकार आणि त्याला योग्य मानधन. आणि हे शिक्षण सर्व शाळांत, सर्व जातींच्या आणि वर्गांच्या मुलामुलींसाठी, मराठी माध्यमातल्याइतकेच महागड्या इंग्रजी शाळांतही. यातली चौथी अट सोडली तर मद्रासची चूक पुन्हा होईल, आणि पहिली सोडली तर कार्यानुभवाची. बाकीचे शिक्षक करतील. गेल्या दीडशे वर्षांत जिथे जिथे हे शिक्षण खरे झाले, तिथे ते शिक्षकांनीच केले आहे, आणि ज्या शाळेने त्यांना वेळ, हत्यारे आणि विश्वास दिला, तिथली मुले पुस्तकही अधिक चांगले शिकली आहेत.